बाळाची टोपी, आजोबांचे मोजे

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की बाजारातल्या लोकरीच्या दुकानांत रंगीत गुंड्यांच्या राशी लागतात. त्याच सुमारास आमच्या प्रसूती विभागाबाहेरच्या बाकांवर सुया दिसू लागतात. आत सून किंवा लेक, बाहेर आजी, मावशी, आत्या. वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातांना काहीतरी काम हवंच असतं. बहुतेकींच्या सुयांवर टोपडं असतं, नाहीतर पायमोज्यांचा जोड. येता-जाता मी दोन मिनिटं थांबते, कारण मीही विणते. फार सुबक नाही, पण घालण्याजोगं.

इतक्या वर्षांच्या या गप्पांतून एक गोष्ट लक्षात आली आहे. या बायकांना टाक्यांचं गणित तोंडपाठ असतं, सुलट-उलट डोळे मिटून जमतं. पण ज्या अंगावर ती वस्तू जाणार, त्या अंगाविषयी त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. दुकानदार किती गुंडे लागतील ते सांगतो, मोबाइलवरचा व्हिडिओ नमुना शिकवतो. दीड किलोचं बाळ, पंधरा वर्षं मधुमेह असलेले आजोबा आणि स्कूटीवरून कॉलेजला जाणारी नात या तिघांना थंडी सारखीच लागते असं धरून आपण विणत बसतो. तसं नसतं. टोपी, मोजे, मफलर या साध्या वस्तू काही शरीरांसाठी औषधाइतक्या मोलाच्या असतात, आणि चुकीच्या विणल्या तर अपायही करू शकतात. म्हणून यंदाच्या हंगामात टाके घालण्याआधी हे वाचावं.

सुरुवात सगळ्यांत लहान डोक्यापासून करू. आईच्या पोटात बाळ सदतीस अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उबेत असतं. जन्मतः ते ओलं असतं आणि एकदम पंचवीस अंशांच्या खोलीत येतं. आपल्याला ती खोली आरामाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत दिलेली तुलना मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते: २३ अंश तापमानाला उघडं नवजात बाळ जेवढी उष्णता गमावतं, तेवढी उष्णता मोठा उघडा माणूस शून्य अंशाला गमावतो. म्हणजे आपल्याला पंखा लावावासा वाटतो तिथे बाळ हिमालयात असतं. म्हणून प्रसूतीनंतर बाळाला लगेच कोरडं पुसायचं, ओला कपडा बाजूला टाकायचा, आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, वरून कोरडं कापड आणि डोक्यावर टोपी, हा क्रम ठरलेला आहे.

टोपीच का? मोठ्या माणसाचं डोकं शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या सात ते नऊ टक्के भरतं. नवजात बाळाचं जवळजवळ पाचवा हिस्सा असतं. एवढा मोठा भाग उघडा, त्यावर केस ओले. शिवाय बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. थंडीत आपले स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, बाळाकडे ती सोय जवळजवळ नसतेच. त्याच्याकडे असतो तो मानेभोवती, पाठीत खांद्यांच्या मधोमध आणि मूत्रपिंडांभोवती साठवलेला तपकिरी मेद. तो जाळून ते ऊब मिळवतं. हा मेद गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत साठतो, त्यामुळे लवकर जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला तो कमी येतो. आणि तो जाळायला प्राणवायू लागतो, साखर लागते. थंड पडलेल्या बाळाची रक्तातली साखर उतरते, ते दूध ओढेनासं होतं, दूध नाही म्हणून आणखी थंड पडतं. हे चक्र आम्ही महाराष्ट्रात, अगदी मे महिन्यातसुद्धा पाहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार वजनाची नोंद झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असतात. अशा बाळांसाठी ‘कांगारू’ पद्धत १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, ती डॉ. एदगार रेय यांच्या पुढाकाराने. इन्क्युबेटर अपुरे होते, म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. २०२१मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या कुशीत ठेवल्यावर पहिल्या महिन्यातले मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. या पद्धतीत बाळाच्या अंगावर काय असतं? लंगोट, पायमोजे आणि टोपी. बाकी सगळी ऊब आईची.

आता विणणारीसाठी कामाचं. टोपी कशीही चालत नाही. पातळ, जाळीदार कापडाची टोपी फारशी उपयोगी पडत नाही आणि जाड अस्तराची पडते, हे बाळांवरच्या जुन्या अभ्यासांतच दिसलं आहे. कारण ऊब लोकरीत नसते, लोकरीने धरून ठेवलेल्या हवेत असते. म्हणून नवजाताच्या टोपीला फुलांची जाळी, भोकांची नक्षी नको. साधी दोन सुलट, दोन उलट अशी वीण उत्तम. ती ताणली जाते, डोक्याला बसते आणि दोन थरांइतकी हवा धरते.

माप हा सगळ्यांत मोठा घोळ. विणणारी नेहमी ‘वाढत्या अंगाची’ टोपी विणते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो, म्हणजे साधारण सोललेल्या नारळाएवढा. दीड किलोच्या बाळाचं डोकं मोठ्या मोसंब्यापेक्षा थोडंसंच मोठं. सैल टोपी एकतर गळून पडते नाहीतर डोळ्यांवरून नाकावर येते, आणि नाकावर आलेली टोपी धोक्याची. टोपी डोक्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी घेराची असावी, वीण ताणून ती बसते. चार पदरी लोकर आणि १० नंबरच्या सुया घेतल्या, तर बहुतेक हातांना १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके येतात. म्हणजे पूर्ण दिवसांच्या बाळाला ८४ टाके पुरतात. हात घट्ट-सैल असतात, म्हणून आधी चौकोनी तुकडा विणून मोजून पाहावा. आणि टोपी नारळावर चढवून बघावी. हसू नका, माझ्या ओळखीच्या एका सिस्टरने शिकवलेली ही युक्ती आहे आणि ती चुकत नाही.

आपल्याकडे एक अडचण वेगळीच आहे. बाळ जन्माला येण्याआधी त्याचं काही आणू नये, विणू नये, असं पुष्कळ घरांत मानतात. त्यामागची भीती मी समजू शकते. ज्या काळात दर पाच-सहा पाळण्यांतला एक रिकामा व्हायचा, त्या काळात आयांनी मनाला घातलेलं ते कुंपण आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की बाळ येतं तेव्हा त्याच्यासाठी पिशवीत काहीच नसतं. मग आजीच्या पदराचा तुकडा, बाबांचा रुमाल, जे हाती लागेल ते. पहिला तास सगळ्यांत मोलाचा, आणि टोपी येते तिसऱ्या दिवशी. एका आजीने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. तिने टोपी पूर्ण विणली होती, फक्त टाळूवरचे शेवटचे टाके दोऱ्यात ओवून ओढायचे बाकी ठेवले होते. अपुरी वस्तू म्हणजे तयारी नव्हे, असं तिचं म्हणणं. आतून रडण्याचा आवाज आला, तिने दोरा ओढला, गाठ मारली आणि टोपी सिस्टरच्या हातात दिली. श्रद्धाही राहिली आणि डोकंही झाकलं. डोहाळजेवणानंतर विणायला घ्या, दोन टोप्या आणि दोन जोड मोजे सौम्य साबणाने धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून दवाखान्याच्या सामानात ठेवा.

हेच टोपडं पुढे कधी काढायचं, हेही सांगायला हवं. वजन चांगलं असलेलं, घरी आलेलं, अंगावर पिणारं बाळ घरात झोपताना टोपी घालून ठेवू नये. बाळ जास्तीची उष्णता मुख्यतः डोक्यावाटेच बाहेर टाकतं, आणि झोपेत अति गरम होणं हे बाळाच्या अचानक मृत्यूच्या धोक्याशी जोडलेलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या शिफारशींत घरात झोपताना टोपी टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. पहिले काही तास आणि अशक्त बाळं याला अपवाद. निफाडच्या डिसेंबरात पत्र्याच्या घरातलं बाळ आणि मुंबईतल्या बंद फ्लॅटमधलं बाळ यांना एकच नियम लावता येत नाही. तेव्हा हाताने बघावं. तुमच्या हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील, तर बाळाला थंडी वाजते आहे, त्याला कुशीत घ्या, पांघरूण वाढवा. दोन्ही गार असतील, तर छातीशी धरून थेट दवाखान्यात. मान घामेजलेली असेल, तर एक थर काढा. थर्मामीटर नसलेल्या घरातही एवढं जमतं.

हातमोज्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. नवजाताला लोकरीचे हातमोजे नकोतच. ते ओरबाडून घेईल म्हणून घालतात, पण नखं कापणं त्यापेक्षा सोपं. बाळ भूक लागली की मूठ तोंडाकडे नेतं, ती खूण मोज्याने झाकली जाते, आणि ओली लोकर चोखली जाते. दुसरं कारण गंभीर आहे. मोज्याच्या आतल्या बाजूला सुटलेला धागा किंवा अडकलेला आईचा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, हालचालीने घट्ट होत जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा बंद करतो. बाळ तासन् तास रडतं, घरातले पोटदुखी समजून हिंग लावतात. मोजा काढल्यावर दिसतं, की बोट सुजून जांभळं पडलेलं आहे. पायाच्या बोटांनाही असं होतं. वेळेत फास काढला तर बोट वाचतं. म्हणून दोन गोष्टी करा. बाळाचा प्रत्येक मोजा घालण्याआधी उलटा करून बघा आणि सगळी टोकं आत ओवून कापा. रंगीत नक्षीत मागून जाणारे लांब धागे बाळाच्या वस्तूंत नकोतच. आणि कारण न सापडणारं रडणं असेल, तर आधी दहा बोटं हाताची आणि दहा पायांची मोजून बघा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला मी खरं म्हणजे बसले, ती. पहिल्या नातवाला घालायला आजी पेटीतून जुनं टोपडं-कुंची काढते. बाळाच्या बाबांनी घातलेली, तीस वर्षं जपलेली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, आणि तो वास पुष्कळांना आवडतोही. या गोळ्या नॅफ्थलिनच्या असतात. आपल्यातल्या काही कुटुंबांत ‘जी-सिक्स-पीडी’ नावाचं विकर जन्मतः कमी असतं. हा दोष आईकडून येतो आणि मुख्यतः मुलग्यांत दिसतो. एरवी ती मुलं अगदी निरोगी असतात, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नसतो. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलिन श्वासातून किंवा त्वचेतून गेलं, की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. कावीळ झपाट्याने चढते. ती फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते. तेल लावलेल्या त्वचेतून हे द्रव्य अधिक सहज आत जाऊ शकतं, आणि आपल्याकडे बाळाला तेल लावल्याशिवाय दिवस जात नाही. लोकरीच्या कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्यांमुळे बाळांना अशी कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात कित्येक दशकांपासून नोंदलेली आहेत.

गंमत अशी, की बहुतेक घरांत या गोळ्यांची गरजच नसते. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, कारण त्या किड्याच्या अळ्या केराटिन खातात आणि लोकर म्हणजे केराटिन. आपण ‘लोकर’ म्हणून जे गुंडे आणतो, ते बहुतांशी ॲक्रिलिकचे असतात, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेल्या धाग्याचे. अळी त्याला तोंड लावत नाही. तेव्हा बाळाच्या कपड्यांत डांबराची गोळी ठेवूच नका. जुने कपडे घालायचेच असतील, तर साबणाने धुऊन दोन-तीन कडक उन्हं दाखवा, आणि तरीही वास येत असेल, तर ते कपडे फोटोपुरतेसुद्धा नकोत. बाळ पिवळं दिसू लागलं, मलूल झालं, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करा. आम्हाला तो विचारायचं सुचेलच असं नाही.

धागा कोणता, हा प्रश्न यातूनच येतो. ओळखायची पद्धत सोपी आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. यातच एक इशारा आहे. शेकोटीजवळ, चुलीपुढे बसणाऱ्या माणसाला ॲक्रिलिकची शाल-मफलर धोक्याची, कारण वितळलेला धागा कातडीला चिकटतो. खरी लोकर तिच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, पण धुवायला सोपं आणि स्वस्त. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी नावाजलेली आहे, पण बाळाच्या टोपीला ती चालायची नाही. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेत टोचतात. ‘मला लोकरीची ॲलर्जी आहे’ म्हणणाऱ्या बहुतेकांना ॲलर्जी नसते, जाड तंतू टोचत असतो. कोणताही धागा असो, आत सुती कापडाचं अस्तर लावलं की निम्मे प्रश्न सुटतात.

आता आजोबा. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा भार वाढतो. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके वाढतात, त्यामागे हे एक कारण. त्यामुळे पहाटे पाचला फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी कान, मान, हात झाकावेत आणि शक्यतो ऊन पडल्यावर निघावं. मात्र ‘शरीराची चाळीस टक्के उष्णता डोक्यातून जाते’ हे खरं नाही. तो आकडा अमेरिकी लष्कराच्या १९७०च्या एका पुस्तिकेत होता. तो ज्या प्रयोगांवरून आला असावा, त्यांत माणसांचं अंग जाड पोशाखात झाकून डोकं तेवढं उघडं ठेवलं होतं, असं सांगतात. मोठ्या माणसाच्या डोक्यातून त्याच्या आकाराच्या प्रमाणातच उष्णता जाते. बाळाचा नियम आजोबांना लागू नाही. माकडटोपी घालून पातळ धोतरात बाहेर पडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. माकडटोपीचं इंग्रजी नाव बालाक्लाव्हा, क्रिमियन युद्धातल्या १८५४च्या लढाईच्या गावावरून पडलेलं. आपल्याकडेही १९६२मध्ये सीमेवरच्या जवानांसाठी घरोघर स्वेटर विणले गेले, आणि त्या वेळी शाळकरी असलेल्या कितीतरी जणी आज सत्तरीत सांगतात, की त्या विणायला शिकल्या तेव्हाच.

मधुमेह असलेल्यांचे मोजे हा वेगळा विषय आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना बोथट होते. मोज्याच्या टोकाला आलेली जाड शिवण आपल्याला पाच मिनिटांत खुपते, त्यांना दिवसभर खुपत नाही. संध्याकाळी फोड, आठवड्यात जखम, आणि पुढची गोष्ट शस्त्रक्रिया विभागात. म्हणून बोटांकडची बाजू शिवू नये, दोन्ही सुयांवरचे टाके सुईदोऱ्याने एकमेकांत गुंफून सपाट बंद करावेत. ही पद्धत शिकायला एक दुपार लागते. वरची पट्टी सैल ठेवा. मोजा काढल्यावर घोट्यावर खोल वळ राहत असेल, तर तो घट्ट आहे. रंग फिका घ्या, पांढरा किंवा दुधी, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. दुसरा धोका गुळगुळीत फरशीचा. लोकरीचा मोजा त्यावरून सर्रकन घसरतो, आणि सत्तरीतलं पडणं म्हणजे बऱ्याचदा खुब्याचं हाड. तळाला रेक्झिनचा किंवा रबरी ठिपक्यांचा तुकडा शिवा, नाहीतर घरातही चप्पल घालायला लावा. पाय फारच गार पडत असतील, तर गरम पाण्याची पिशवी नको, मोजेच बरे. संवेदना नसलेल्या पायाला पिशवीने भाजलेलं सकाळी कळतं.

घरात सगळ्यांना पुरेल एवढं पांघरूण असताना एकाच बाईला सतत थंडी वाजत असेल, तर तिला आणखी एक शाल विणून देण्याआधी तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. आणि थंडीत बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील, तर हातमोजे विणा, पण डॉक्टरांनाही दाखवा. त्यामागे कधी कधी सांध्यांचा किंवा त्वचेचा आजार दडलेला असतो.

मफलरचं थोडक्यात. दमेकऱ्याला तो फार उपयोगी आहे, नाकातोंडावरून घेतला की श्वासाची ऊब आणि ओल आत राहते, गार कोरडी हवा थेट फुप्फुसात जात नाही. केसाळ, भुरभुरणारा धागा मात्र त्यांना नको. दुचाकीवर जाणाऱ्यांसाठी लांब झालरीचा मफलर विणू नका. ओढणी चाकात अडकून झालेले अपघात आम्ही पाहतो. जगप्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन १९२७मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात गेली, ती गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंतून. नातीसाठी गळ्यात अडकवायची बंद पट्टी विणा, तिला टोकंच नसतात. हेल्मेटखाली जाड कानटोपीही नको, हेल्मेट नीट बसत नाही.

विणणारीच्या स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला जागा थोडी उरली आहे, पण ते टाळता येणार नाही. संक्रांतीपर्यंत चार मफलर पुरे करायचे म्हणून रोज चार तास विणणारी बाई जानेवारीत अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय म्हणून येते. तो स्नायुबंधाच्या आवरणाचा दाह असतो, आणि त्यावरचं पहिलं औषध म्हणजे सुया खाली ठेवणं. अर्ध्या तासाने थांबा, मनगट फिरवा, मान वर करा. जड वस्तू गोल सुईवर विणा, म्हणजे वजन मनगटांऐवजी मांडीवर पडतं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर दुखणं अंगावर काढू नका.

विणकामाने मन शांत होतं का? २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांनी उत्तरं दिली. जे वारंवार विणतात त्यांनी अधिक शांत, आनंदी वाटतं असं सांगितलं. पण ही विणणाऱ्यांनीच विणकामाबद्दल दिलेली साक्ष आहे, ज्यांनी कंटाळून सुया फेकल्या ते त्यात आले नाहीत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०११मध्ये सत्तरीपुढच्या लोकांत पाहिलं, की विणकामासारख्या कलाकुसरीत रमणाऱ्यांत स्मृती मंदावण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र विणकामामुळे स्मृती टिकली, की स्मृती टिकलेलेच विणू शकले, हे अशा पाहणीतून सांगता येत नाही. मी कुणाला औषध म्हणून विणकाम लिहून देत नाही. मला स्वतःला रात्रीच्या ड्युटीनंतर दहा ओळी विणल्याशिवाय झोप येत नाही, एवढंच.

त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते उलट दिशेचं निरीक्षण. चाळीस वर्षं सराईतपणे विणणाऱ्या बाईला विणणं जमेनासं झालं, तर ती बातमी आहे. काळी लोकर दिसत नाही म्हणते, तर मोतीबिंदू असेल. बोटं अडखळतात, ब्लाउजची बटणंही लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, तर मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबत असेल. एका हाताला कंप आणि कामात मंदपणा आला, तर कंपवात. लहानपणापासून पाठ असलेला नमुना विसरून ती सुया हातात धरून नुसती बसत असेल, तर स्मृतिभ्रंशाची ती सुरुवात असू शकते. आणि विणता विणता एका हातातून सुई एकदम गळली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं तर तो पक्षाघात, तिथे साडेचार तासांच्या आत पोहोचलं तरच गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. ‘वय झालं, आता विणत नाही’ असं घरातले सहज सांगतात. मी विचारते, कधीपासून?

शेवटी, दरवर्षी अनेक वाचक सरकारी रुग्णालयातल्या बाळांसाठी टोप्या विणून द्यायची इच्छा कळवतात. जरूर द्या, पण विणण्याआधी जवळच्या रुग्णालयातल्या नवजात शिशू विभागाच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा. काही ठिकाणी कपडे उकळत्या पाण्यात धुतले जातात, तिथे लोकर टिकत नाही, सुती धाग्याच्याच टोप्या चालतात. मणी, बटणं, गोंडे, नाड्या नकोत. धुऊन, बंद पिशवीत द्या, आणि पिशवीवर घेर लिहा. सगळे जण पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मापाच्या टोप्या आणून देतात. आमच्या कपाटात त्या भरपूर आहेत. कमी पडतात त्या २५-२६ सेंटिमीटरच्या.